मंदण्णांची दुनळी

बोजक्कांनी पदराची गाठ सोडली आणि दोन काडतुसं ओट्यावर, मुत्तूच्या पेजेच्या वाटीशेजारी उभी करून ठेवली.

“तुझ्या अप्पांनी आमच्या यांना दिली,” त्या म्हणाल्या. “काल संध्याकाळी फाटकापाशी बोलावून घेतलं. म्हणाले, वेळेला तुमच्याकडे नसली तर धावाधाव नको.”

देचम्माने दहा महिन्यांच्या मुत्तूच्या हनुवटीवरून चमचा ओढून सांडलेली पेज पुन्हा तोंडात घातली. “कसल्या वेळेला?”

“कसल्या म्हणजे? आपल्याकडे लागोपाठ दोन बार कधी काढतात?”

देचम्मा हसली. कोडगूत, म्हणजे कूर्गात, मुलगा झाला की एक बार काढायचा, माणूस गेलं की दोन. दोन बार ऐकले की आसपासच्या मळ्यांतल्या बाया चुलीवरचं उतरवून ठेवतात आणि पुरुष पांढरे कपडे शोधायला लागतात. मुत्तू झाली तेव्हा अप्पांनी, मंदण्णांनी, मुलीसाठीही एक बार काढला होता, आणि खालच्या मळ्यातली चार माणसं मुलगा झाला म्हणून अभिनंदनाला आली होती. त्यांना दारातून परत पाठवायला नको म्हणून आईने, अव्वाने, सगळ्यांना जेवायला बसवलं होतं. त्यानंतर तीन महिन्यांनी अव्वाच गेली.

“अप्पांचं असंच असतं, बोजक्का. माझ्या लग्नाला वर्ष होतं तेव्हा त्यांनी आचारी सांगून ठेवला होता. मुलगा अजून बघायचा होता.”

“लग्नाचं निराळं, गं.”

“निराळं काय त्यात? माणसाने आपली तयारी आपण केलेली बरी. मागच्यांना ताप नको.”

बोजक्का हसल्या नाहीत. शेजारच्याच मळ्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता आणि देचम्माला त्यांनी फ्रॉकात पाहिलेलं होतं. “तू शिकलेली आहेस, बंगळुरात राहतेस,” त्या म्हणाल्या. “आमच्या यांनी घेतली आणि निमूट कपाटात ठेवली. मला काही झोप आली नाही. तुमची तुमच्याकडे राहू देत.”

त्या गेल्यावर देचम्माने काडतुसं मसाल्याच्या फळीवर, बाळाचा हात पोचणार नाही अशी ठेवली. हात पोचणार नाही ना, एवढंच तिने दोनदा पाहिलं.

पुढचे तीनचार दिवस तिला काही वेगळं दिसलं, असं म्हणता येणार नाही. अप्पांनी तिला पंपाच्या खोलीत नेऊन फ्यूज कुठला ते दाखवलं. कॉफी वाळवायच्या अंगणाची डागडुजी कोणाकडून करून घ्यायची ते सांगितलं. कुत्रा दिसेना, म्हणून तिने विचारलं तर म्हणाले, मळ्याच्या कारकुनाला दिला, त्याच्या मुलांना लळा होता. त्यालाही काही वाटण्यासारखं नव्हतं. मळा फुलला होता, सगळीकडे पांढरं झालं होतं, आणि त्या वासाने मुत्तू सारखी शिंकत होती. देचम्माचं लक्ष त्या शिंकांकडे. ताप तर नाही ना म्हणून ती रोज तिच्या कपाळाला गाल लावून बघायची.

शनिवारी जेवणं झाल्यावर अप्पांनी ओसरीवर चटई अंथरली आणि दुनळी बंदूक उलगडून बसले. तेल, सुताचं फडकं, लांब सळई. शस्त्रपूजेच्या सणाला अजून पुष्कळ अवकाश होता. मुत्तू रांगत चटईच्या काठापर्यंत गेली तेव्हा त्यांनी तिला उचलून अलगद उलट दिशेला तोंड करून ठेवलं, भोवरा ठेवावा तसं.

“सोमवारी जाणार ना तू? नक्की?”

“हो. मुत्तूचे बाबा घ्यायला यायचं म्हणत होते, पण गाडी माझ्याकडे आहे. मीच जाईन.”

“बरं.” त्यांनी नळीतून उजेडाकडे पाहिलं. “पोरीचं सगळं सामान घेऊन जा. काही मागे राहू देऊ नकोस. मग पुन्हा यायची दगदग.”

ते वर पाहून बोलले नाहीत. देचम्मा दारात उभी होती. तिच्या हातात धुतलेली दुपटी होती. ती तिने एकावर एक ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा घड्या घातल्या. अप्पांनी दुनळी लाकडी कपाटात ठेवली, किल्ली नेहमीप्रमाणे देवाच्या दिव्यामागे सरकवली आणि वामकुक्षीला गेले. त्यांच्या घोरण्याचा आवाज येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने मसाल्याच्या फळीवर हात घातला.

अप्पा चारच्या कॉफीला उठत. तोवर मूर्नाडला मामाकडे पोचायचं, बंदूक त्याच्याकडे ठेवायची. बाकीचं सुचेल तसं. दुनळी कशी मोडायची हे तिला अप्पांनीच लग्नाआधी शिकवलं होतं. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. दोन्ही खाकी पिशवीत घालून तिने गाडीच्या मागच्या भागात, मुत्तूच्या ढकलगाडीखाली ठेवलं. काडतुसं मुत्तूच्या लंगोटांच्या पिशवीत. मुत्तूला खुर्चीत बांधताना पट्टा दोनदा निसटला. फाटक तिने उतरून हाताने उघडलं आणि गाडी उताराला लागल्यावर इंजिन सुरू केलं.

जंगल संपतं तिथे नाका आहे. एरवी तिथला बांबू वर केलेलाच असतो. आज तो आडवा होता आणि एक शिपाई प्रत्येक गाडीची मागची बाजू उघडायला लावत होता. देचम्माने आरशात मुत्तूकडे पाहिलं. मुत्तू झोपली होती.

“मागचं उघडा, मॅडम,” शिपाई म्हणाला. त्याच्या छातीवर शौकत असं नाव होतं. “कुणीतरी बुधवारी रानगवा मारलाय. सगळ्यांचंच बघतोय.”

“बंदूक आहे,” देचम्मा म्हणाली. तिने स्टिअरिंगवरून हात काढले नाहीत. “मोडून ठेवलीय. रिकामी आहे. माझ्याकडे सूटपत्र आहे.”

शौकतने मागे वळून पाहिलं. “साहेब.”

पत्र्याच्या शेडमधून एक उंच माणूस उठून आला. चालताना त्याचा डावा खांदा जरासा खाली राही. पाटीवर नाव होतं गुरुलिंग तोरवी; फौजदार. नावावरूनच कळत होतं की तो इकडचा नाही, विजापूरकडचा. देचम्माला बरं वाटलं आणि लगेच नाही वाटलं. इकडचा असता तर त्याने अप्पांचं नाव ऐकून सोडून दिलं असतं. इकडचा असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला कळलंही असतं.

त्याने सूटपत्र वाचलं, नाव आणि चेहरा ताडून पाहिला. “तुम्ही कोडव, इथले मूळचे लोक. तुम्हाला परवाना लागत नाही, हे पत्र पुरे. इथे आलो तेव्हा मला वाटायचं, हे लोक काय घरोघर तोफा ठेवतात की काय.” त्याने पिशवीची चेन उघडली. “बंदूक तुमची?”

“वडिलांची. घरची.”

“कुठे निघालीय?”

“दुरुस्तीला.”

त्याने नळ्या उचलल्या, आकाशाकडे धरून आतून पाहिलं, मग नाकाशी नेऊन हुंगलं. खटका दोन बोटांनी मागेपुढे केला. ताज्या तेलाचा वास देचम्मालाही आला.

“काय बिघडलंय?”

तिने आरशात मुत्तूकडे पाहिलं.

“शौकत, यांची दुनळी आपल्या रायफलींपेक्षा बरी आहे.”

“साहेब, आपल्या रायफलींपेक्षा माझ्या सासूची लाटणी बरी,” शौकत म्हणाला आणि फौजदाराने पाहिलं तसा पुढच्या गाडीकडे गेला.

तोरवीने नळ्या परत पिशवीत ठेवल्या. “हे बघा, मॅडम. कायद्याने तुम्ही नेऊ शकता. माझा अडवायचा विचार नाही. पण गवा मारल्यापासून हुकूम आहे की बंदूक दुसऱ्याच्या नावची असेल तर मालकाला एकदा विचारायचं. दोन मिनिटांचं काम. वडिलांचा नंबर सांगा.”

“ते झोपलेत.”

“उठवू. जेवणानंतरची झोप ती, त्यात काय?”

“त्यांना बरं नाहीये.”

“मग तर तुम्ही लवकर परत गेलेलं बरं. सांगा नंबर.” त्याने आपला फोन काढून अंगठा तयार धरला.

देचम्माने आकडे सांगायला सुरुवात केली. सांगताना तिच्या डोळ्यांपुढे ओसरीतला फोन वाजत होता. अप्पा उठतील. कपाट उघडतील. बंदूक नाही हे नाक्यावरच्या परक्या माणसाकडून कळेल, आणि का नाही तेही त्यांना तिथल्या तिथे कळेल. मग त्या घरात ते एकटे आणि ती इथे, जंगलाच्या या बाजूला. कोडवाच्या घरातून त्याची बंदूक त्याला न विचारता उचलायची म्हणजे काय, हे या फौजदाराला कोण समजावणार? शेवटचे तीन आकडे राहिले तेव्हा ती थांबली.

“पुढे?”

मुत्तू जागी झाली आणि रडायला लागली. देचम्मा खाली उतरली, मागचं दार उघडून तिने तिला खुर्चीतून काढलं. मुत्तू ओली होती. तिने पिशवी पुढे ओढली, लंगोट ओढला, आणि लंगोटाबरोबर एक काडतूस बाहेर आलं. ते सीटवरून घरंगळत फौजदाराच्या बुटापाशी पडलं.

तो खाली वाकला. “बंदूक रिकामी म्हणालात.”

“रिकामीच आहे. हे वेगळं ठेवलंय.”

“किती आहेत?”

“दोन.”

“दोनच?” त्याने काडतूस तळहातावर फिरवलं. “गवा मारणारा दोनच घेऊन निघत नाही. दुरुस्तीला नेणारा एकही नेत नाही.” आणि मग निराळ्या आवाजात: “दोन बार. मी नवा होतो ना इथे, पहिल्याच महिन्यात पहाटे असे दोन बार ऐकले. दरोडा पडला म्हणून चार माणसं घेऊन जीप हाणली. जाऊन बघतो तर अंगणात सगळे पांढऱ्या कपड्यांत. आम्ही हातात रायफली घेऊन उभे. त्यांना वाटलं, सरकारतर्फे मानवंदना द्यायला आलो. एक म्हातारा माझा हात धरून रडला.” तो किंचित हसला. “तुमच्याकडे कोण गेलंय?”

“कुणी नाही.”

“मग हे कुणासाठी?”

देचम्मा मुत्तूच्या पायात मोजा चढवत होती. मोजा आधीच चढलेला होता. तिने तो काढला, सरळ केला आणि पुन्हा चढवायला लागली. मुत्तूने पाय झाडला. मोजा धुळीत पडला. तो उचलायला देचम्मा वाकली आणि गाडीच्या दाराला धरून तशीच खाली बसून राहिली.

फौजदाराने फोनकडे पाहिलं. अर्धवट लिहिलेला नंबर त्याने एकेक आकडा पुसला आणि फोन खिशात ठेवला.

“तंगी,” तो म्हणाला. धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. “वडिलांजवळ आत्ता कोण आहे?”

ती मान वर करून बघत राहिली.

“बंदूक घरातून काढलीस, फार चांगलं केलंस. बंदूक आता इथे माझ्यापुढे आहे, ती काही करत नाही. ते कुठे आहेत?”

“झोपलेत. चारपर्यंत उठत नाहीत.”

“तू कुठे चालली होतीस?”

“मामाकडे. मूर्नाडला.”

“आणि मामा बंदूक बघून काय करेल? तुझ्या वडिलांना फोन करेल. काय हो भावजी, काय झालं?” त्याने शेडकडे हात केला. “शौकत, मालखान्याची किल्ली. आणि पावती.” मग पुन्हा तिच्याकडे वळून, “बंदूक ठेवून घ्यायची सोय असते आमच्याकडे. घरात रांगतं मूल आहे म्हणून जमा करते असं लिही. खोटं नाही ते. हवी तेव्हा परत मिळेल, आणि ती न्यायला दोघांनी मिळून यायचं, असं मी तोंडाने सांगतोय. लिहिलेलं नसलं तरी पाळायचं.”

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने लिहिलं. बॉनेट तापलं होतं. स्वतःचं नाव लिहिताना तिला एक अक्षर आठवेना. शौकत मुत्तूला काखोटीला मारून नाक्याचा बांबू कसा वरखाली होतो ते दाखवत होता, आणि मागे थांबलेल्या जीपवाल्याला ओरडत होता, “दिसत नाही का, साहेबांची बदली झालीय, नवीन साहेब तपासणी करतायत.”

“मी मागून येतो,” तोरवी मोटारसायकल सुरू करत म्हणाला. “हळू चालव. घाई केलीस तर दोन्हीकडून जाशील.”

परतीच्या रस्त्यावर देचम्माने आरशात किती वेळा पाहिलं कोण जाणे. मोटारसायकल मागे होती. वळणावर दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा दिसायची. उघड्या काचेतून कॉफीच्या फुलांचा वास येत होता. जातानाचा रस्ता एवढा लांब नव्हता. बोजक्कांच्या फाटकावरून जाताना तिने हॉर्न वाजवला नाही; कान मात्र तिचे बाहेर लागलेले होते. कुठूनही, काहीही ऐकू येऊ नये, एवढंच ती मागत होती.

फाटक तिने उघडं टाकलं होतं तसंच होतं.

अप्पा पायरीवर बसले होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली, केस विंचरलेले. मागे ओसरीत लाकडी कपाटाचं दार सताड उघडं होतं. गाडी थांबली, मागोमाग मोटारसायकल थांबली, आणि मंदण्णांनी आधी लेकीकडे, मग खाकी कपड्यांकडे आणि मग पुन्हा लेकीकडे पाहिलं.

“अप्पा, हे...”

“दिसतंय.”

तोरवीने टोपी काढून काखेत धरली. “नमस्कार. नाक्यावर असतो मी. तुमची दुनळी माझ्याकडे जमा आहे. घरात रांगतं मूल आहे म्हणून मुलीने आणून दिली.”

“मूल दोन महिने रांगतंय,” मंदण्णा म्हणाले.

“हो. जरा उशीरच झाला.”

देचम्माच्या कडेवरून मुत्तूने आजोबांकडे झेप घेतली, आणि देचम्माने तिला घट्ट धरलं. मग सैल केलं. अप्पांनी हात पुढे केले नाहीत. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि मनगटावरचं घड्याळ सैल होऊन खाली घसरलेलं होतं, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. किती दिवस नीट जेवले नसतील?

तोरवी परवानगी न विचारता पायरीवर बसला, मंदण्णांच्या दोन पायऱ्या खाली. “पाणी मिळेल का, आणि मग कॉफी? दुपारभर उन्हात उभा आहे.”

“देचू,” मंदण्णा म्हणाले, “कॉफी टाक. साहेबांना साखर जास्त घाल. तिकडच्या लोकांना कॉफी समजत नाही, साखर समजते.”

“बरोबर,” तोरवी म्हणाला.

ती आत गेली. पातेलं चुलीवर चढवलं आणि साखर कुठे ठेवली ते तिला सापडेना. बाहेरून आवाज येत नव्हता. कॉफीला उकळी फुटली तरी येत नव्हता. मग अप्पांचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. खालच्या पट्टीत, न थांबता, एखादा हिशेब वाचून दाखवावा तसा तो चालला होता. अव्वाचं नाव एकदा आलं. नंतर आणखी एकदा. अव्वा गेल्यापासून त्या घरात एवढं सलग कुणी बोललं नव्हतं. देचम्मा पातेल्याकडे बघत उभी राहिली. बाहेर जायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. फौजदाराचा आवाज अधूनमधून एखाद्या हुंकारापुरताच यायचा.

ती पेले घेऊन आली तेव्हा मुत्तू अप्पांच्या मांडीवर होती आणि फौजदाराच्या टोपीचा बिल्ला चावत होती. अप्पांचे डोळे लाल होते. तिने पाहिलं आणि पेल्यांकडे मान वळवली.

“तुमच्या घरी कोण कोण?” अप्पा त्याला विचारत होते.

“आता मी एकटाच.”

“साहेब, साखर बघा पुरे का,” देचम्मा म्हणाली, आणि बोलणं साखरेवर गेलं.

पेला रिकामा झाल्यावर तोरवी उठला. टोपी मुत्तूच्या तोंडातून सोडवून त्याने पँटला पुसली. “रविवारी आमची खाणावळ बंद असते,” तो मंदण्णांना म्हणाला. “उद्या जेवायला आलो तर?”

“रविवारी आमच्याकडे डुक्कर असतं.”

“मी लिंगायत आहे. भाजी करा.”

“मला भाजी येत नाही. बायको करायची.”

“मग शिका. अख्खी रात्र आहे.”

मंदण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. “कोडवाला भाजी करायला लावणारा तू पहिलाच पोलीस.”

“बंदूक माझ्याकडे आहे,” तोरवी म्हणाला. “करावीच लागेल.”

मोटारसायकलचा आवाज उतारावरून खाली गेला. देचम्मा अप्पांच्या शेजारी बसली, जिथे तो बसला होता त्याच्या जरा वर. अप्पांनी मुत्तूला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “कोंबात काय घालतात गं, बांबूच्या? आमसूल?”

“नाही, अप्पा. सांगते मी.”

सोमवारी ती गेली नाही. नवऱ्याला, पूवय्याला, फोन करून तिने सगळं सांगितलं आणि तो त्याच दिवशी निघून आला. पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून अप्पांना म्हैसूरला डॉक्टरांकडे नेलं. अप्पा गाडीत कुरकुरले, पण गोळ्या वेळेवर घेऊ लागले. बोजक्कांकडे जाऊन देचम्माने त्यांचे पाय धरले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाय नको धरूस, आधी कुत्रा परत आण. रात्रभर कारकुनाच्या दारात रडतो.” कुत्रा परत आला.

आणि फौजदार दर रविवारी आला. कोंबांची भाजी पहिल्या दिवशी इतकी कडू झाली की त्याने दोनदा भात घेऊन ती गिळली आणि म्हणाला, पुढल्या वेळी मीठ कमी चालेल. पुढे मंदण्णा शनिवारीच बाजाराला जायला लागले. फौजदाराला वांगं आवडत नाही, जेवणानंतर ताक पाहिजे, अशा तक्रारी ते फोनवर लेकीला सांगायचे. देचम्मा बंगळुरात बसून त्या तक्रारी ऐकायची आणि मध्ये बोलायची नाही. सणाच्या आदल्या दिवशी बापलेक नाक्यावर जाऊन दुनळी घेऊन आली. पूजेला तोरवीही होता. नळीत खोचलेलं कळलावीचं फूल बघून म्हणाला, आमच्याकडे हे फूल कुणी दारातसुद्धा लावत नाही. पूजा झाल्यावर मंदण्णांनी स्वतःहून बंदूक त्याच्या हातात परत दिली. राहू दे तुझ्याकडे, म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात त्याची बदली झाली. दोन रविवार आधी त्याने सांगितलं, पोळी पानात वाढून घेताना, मीठ मागावं तसं. दुनळी तोवर ठाण्याच्या मालखान्यात रीतसर गेली होती. जाताना मंदण्णांनी त्याला कॉफीची पिशवी दिली आणि दोघे फाटकापर्यंत चालत गेले.

त्या रात्री अप्पांचा फोन आला. “देचू,” ते म्हणाले, “इतकी वर्षं जेवला माझ्याकडे. मी माझं सगळं बोललो त्याच्याशी. त्या दिवशी नाक्यावर त्याने तुला विचारलं ना, वडिलांजवळ आत्ता कोण आहे म्हणून, ते त्याला कसं सुचलं, हे मी कधी विचारलंच नाही.”

देचम्माच्या हातात मुत्तूचा शाळेचा डबा होता. ती तो पुसत होती. तिनेही विचारलं नव्हतं. त्याने सांगायला सुरुवात केली असेल, तर तेव्हा ती साखरेचं बोलली होती.

आता तो फोन उचलत नाही. कधी उचललाच तर म्हणतो, बरा आहे, ड्यूटीवर आहे, आणि ठेवतो. शौकतने चौकशी करून कळवलं ते एवढंच, की तो हल्ली सोलापूर-विजापूर रस्त्यावर, हद्दीजवळच्या नाक्यावर असतो. तिथून कोडगू फार लांब आहे. मंदण्णांना एवढा प्रवास झेपत नाही, आणि देचम्माचं दुसरं बाळंतपण महिन्याभरावर आलं आहे. तुम्हाला तो रस्ता जवळ आहे. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे: त्या बाजूला गेलात तर बांबू वर असला तरी गाडी जरा कडेला घ्या. उंच आहे, डावा खांदा खाली ठेवून चालतो. मंदण्णांनी पाठवलंय म्हणा. आणि तो बरा आहे म्हणाला तरी लगेच निघू नका. रविवारी कुठे जेवतोस, ते विचारा.